रविवार कुणाचा?

मध्य रेल्वेच्या कडेने वाढलेल्या मुलांना आठवड्याचे वार शाळेच्या आधी लोकल शिकवते. सहा दिवस बाबा ठरलेल्या गाडीला धावतात आणि सातव्या दिवशी बनियनवर पेपर वाचत बसलेले दिसतात, तो रविवार. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत लहानपण गेलेल्या कुणालाही त्या दिवसांबद्दल विचारून पाहा. आठवणी निघतील त्यातल्या बहुतेक रविवारच्या असतील: तलावपाळीवरची होडी, दुर्गाडीवरून दिसणारी खाडी, टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना मिळालेली खिडकीची जागा, मटणाच्या दुकानासमोरची रांग, सलूनमध्ये खुर्चीच्या हातांवर फळी टाकून कापलेले केस.

हा रविवार पंचांगातून आपसूक घरात आला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यासाठी अर्ज करावे लागले, सह्या गोळा कराव्या लागल्या, सभा भरवाव्या लागल्या. आणि ज्याने हे सगळे केले तो माणूस ठाण्यात जन्मला होता.

आधी रविवार नसतानाच्या घराकडे पाहू. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची आगरी-कोळी गावे भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगत. तिथे काळ मोजला जाई तो भरती-ओहोटीने, पावसाने, अमावास्या-पौर्णिमेने आणि आठवडे बाजाराने. मुले दिवसभर आईबापांच्या बरोबर असत, हे खरे. पण ती बांधावर, होडीत किंवा गुरांमागे असत. 'मुलांना वेळ देणे' असा वेगळा शब्दप्रयोग करायची गरज नव्हती, कारण मूल हा घरातला कामाचा एक हात होता.

पांढरपेशा घरांतले बालपण फार मोकळे होते असेही नाही. १८६५ साली कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांची बायको झाली आणि आनंदीबाई म्हणून ओळखली जाऊ लागली. चौदाव्या वर्षी ती आई झाली. ते बाळ दहाच दिवस जगले. त्या दुःखातून ती डॉक्टर व्हायला निघाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियातून पदवी घेती झाली, हे आपण शाळेत वाचतो. बालपण म्हणून काही राखून ठेवलेला काळ तिच्या वाट्याला फारसा आला नाही, हे मात्र तिच्या गौरवात झाकले जाते. 'पूर्वीच्या घरांत मुलांसाठी वेळ होता' असे म्हणताना ही कल्याणची मुलगी डोळ्यांसमोर ठेवलेली बरी.

गिरणीतले चित्र याहून उघडे होते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला ठेवता येत होते आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेणे कायदेशीर होते. मोठ्यांच्या तासांना मर्यादाच नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत आणि आठवड्याची अशी ठरलेली सुट्टी नसे. सरकारी कचेऱ्या इंग्रजांच्या रिवाजाने रविवारी बंद राहत. गिरणी राहत नसे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. ते पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटर धावून त्यांच्याच गावात आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. शिक्षणानंतर लोखंड्यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत लागले. कामगारांचे हाल त्यांना तिथे जवळून दिसले. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र चालवले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची. बाकीच्या मागण्या म्हणजे दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामात जखमी झालेल्याला भरपाई. केवढ्याशा अपेक्षा होत्या, हे यादी वाचल्यावर लक्षात येते.

रविवारच का, याला लोखंड्यांनी दिलेले उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली जाते: रविवार हा खंडोबाचा वार. साहेबाच्या चर्चचा दिवस त्यांनी जेजुरीच्या देवाशी जोडला आणि मागणी आपल्या माणसांच्या तोंडी बसवली. तरीही सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांवर कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सक्तीची केली आणि मुलांचे कामाचे किमान वय सातावरून नऊवर नेले. लोखंडे १८९७ च्या प्लेगात, रुग्णांची सेवा करत असताना, गेले.

आता रेल्वे आणि रविवार यांची गाठ घालू. रुळांमुळे राहायचे एकीकडे आणि कमवायचे दुसरीकडे, ही सोय झाली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसले. मुंबईत जागा परवडेना तसा दादर-गिरगावचा मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीत येत राहिला. ठाण्याची महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. डोंबिवली ते मुंबई हे अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर. धीम्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास, वर स्टेशनपर्यंतचे चालणे आणि पुलावरची गर्दी.

साधा हिशेब करून पाहा. सकाळी पावणेआठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या बापाला साडेनऊला झोपणारे मूल दिवसाकाठी फार तर दोन तास भेटते, तेही दप्तर, जेवण आणि गृहपाठ यांच्या धांदलीत. सहा दिवसांचे झाले बारा तास. एकट्या रविवारी ते मूल त्याला चौदा तास जागे सापडते. म्हणजे लोकलच्या गावात बापलेकांच्या सहवासाचा निम्म्याहून जास्त भाग एका दिवसात कोंबलेला असतो. इथल्या आठवणी रविवारच्याच का असतात, त्याचे उत्तर या बेरजेत आहे.

तो दिवस भरायलाही गावांनी आपापल्या जागा तयार केल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. १९७८ साली तलावपाळीच्या काठी गडकरी रंगायतन उभे राहिले आणि नाटकासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, आणि ज्या घरी टीव्ही त्या घरी रविवारी सकाळी अख्खा मजला जमू लागला. संध्याकाळी हिंदी सिनेमा. मराठी सिनेमा शनिवारी असे, त्यामुळे शनिवारची संध्याकाळसुद्धा रविवारच्या खात्यात जमा झाली.

इथे एक प्रश्न विचारायला हवा: हा रविवार आईचा होता का? परतीच्या लोकलमध्ये मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका या मार्गावर नवलाच्या नाहीत. रविवारी त्यांच्यापुढे आठवड्याचे धुणे, डबे, गिरणीवरचे दळण, गणवेशांची इस्त्री आणि पाहुणे असत. मुलांना रविवारचा रस्सा आठवतो. तो शिजत असताना आई ओट्याशी उभी होती, हे त्या आठवणीत सहसा येत नाही. महालक्ष्मीच्या सभेत दोन बायका बोलल्या, सुट्टी मिळाली, पण गिरणीतून सुटलेली बाई त्या दिवशी घरच्या कामाला लागली. एकशेतीस वर्षांनंतरही त्या अर्जातले हे कलम बाकी आहे.

आणि आज बापाचाही रविवार डळमळीत आहे. औद्योगिक वसाहतींमध्ये विजेच्या सोयीने साप्ताहिक सुट्टी भलत्याच वारी येऊ शकते, तेव्हा बाप घरी असतो आणि पोर शाळेत. राज्य सरकारी कचेऱ्यांना २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा मिळाला, पण मॉलमधला सुरक्षारक्षक, हॉटेलातला आचारी, ॲपवरून जेवण पोचवणारा मुलगा यांच्यासाठी रविवार सर्वांत राबवणारा दिवस ठरला. आपण मुलांना घेऊन ज्या मॉलमध्ये आठवणी जमवायला जातो, तिथे पॉपकॉर्न भरून देणारीचे मूल त्या वेळी शेजारच्या काकूंकडे असते. ज्यांना सुट्टी आहे त्यांच्या मुलांचा रविवार शिकवणी आणि स्पर्धा परीक्षांनी व्यापला आहे. बाहेर पडावे म्हटले तर मेगाब्लॉक. रुळांनाही आठवड्यातून एकदा दुरुस्ती लागते आणि त्यांनाही रविवारच सोयीचा.

मुलांबरोबर वेळ कसा घालवावा यावर सल्ल्यांचा तोटा नाही. तो वेळ आधी मिळाला पाहिजे, आणि तो कामाच्या तासांवर, पगारावर, घर आणि नोकरी यांतल्या अंतरावर ठरतो, हे मात्र त्यात क्वचितच सांगतात. ठाण्याच्या लोखंड्यांना हे माहीत होते. टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले, पण त्यांच्याच गावात तलावपाळीवर होडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक असेल? नंबर लागेपर्यंत तेवढी एक गोष्ट सांगून होण्यासारखी आहे. साडेपाच हजार सह्यांची, दहा हजारांच्या सभेची, आणि त्यात उभे राहून बोललेल्या दोन बायकांची.