रेडिओ-नियंत्रित ट्रक : बिघाड व रचनादोष

छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या रेडिओ-नियंत्रित ट्रकांमध्ये वापराने, हयगयीने किंवा मूळ आराखड्यातील उणिवेमुळे उद्भवणारे दोष. खेळण्यांच्या दुकानातली रिमोटची गाडी बिघडली की अडगळीत जाते. छंदाच्या ट्रकाचा मात्र जवळपास प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो, म्हणजे तो कधी ना कधी मोडणार हे निर्मात्याने गृहीतच धरलेले असते. म्हणून नुसते मोडणे हा रचनादोष मानता येत नाही. स्वस्त, बाहेरच्या बाजूचा आणि चार स्क्रू काढून बदलता येणारा भाग आधी गेला, तर आराखडा शहाणपणाने केलेला आहे. गिअरपेटीच्या पोटातला, महागडा भाग आधी गेला, तर दोष आराखड्याचा. या नोंदीत हाच निकष वापरला असून उदाहरणे मुख्यतः १९८६-८७ मधील तामिया ट्रकांची घेतली आहेत. त्यांचे दोष चाळीस वर्षे जगभरच्या छांदिष्टांनी हाताळून पुरते ओळखीचे केले आहेत.

पार्श्वभूमी : जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटारगाडी आणली. १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या मातीत धावणाऱ्या बग्ग्या आल्या, तर १९८१ मध्ये तीन गतींची गिअरपेटी असलेला टोयोटा हायलक्स. त्याच सुमारास अमेरिकेत बॉब चँडलर यांच्या ‘बिगफूट’ या अवाढव्य चाकांच्या ट्रकाने जुन्या मोटारी चिरडण्याचे खेळ सुरू झाले आणि मॉन्स्टर ट्रकांचे वेड पसरले. बाजारात मागणी होती आणि ती तेव्हाच पुरवायची होती. तामियाने १९८६ मध्ये ब्लॅकफूट आणि पाठोपाठ मॉन्स्टर बीटल हे ट्रक काढले. पण त्यांच्यासाठी नवा सांगाडा घडवला नाही. १९८३ च्या ‘फ्रॉग’ या हलक्या बग्गीचा सांगाडा आणि मागची गिअरपेटी घेऊन त्यांवर मोठी चाके व पिकअपची किंवा बीटलची बॉडी बसवली. क्लॉड बस्टर (१९८७) मात्र मुळापासून नवा होता. उसन्या सांगाड्याचे दोष आणि नव्या कल्पनेचे दोष यांची जात निराळी असते, हे या दोन प्रकारच्या ट्रकांकडे पाहिले की कळते.

षट्कोनी दांडी : ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल यांचा सर्वांत कुप्रसिद्ध दोष. गिअरपेटीतून चाकापर्यंत फिरती गती नेणाऱ्या दांडीची टोके या गाड्यांत षट्कोनी गोळ्यासारखी होती आणि ती तशाच षट्कोनी वाटीत बसत. चाक वर-खाली झाले की गोळा वाटीत तिरका होतो. सरळ असताना सहाही पैलू टेकलेले असतात, तिरका झाला की भार दोन-तीन कडांवर येतो. त्या कडा आधी चकाकतात, मग गोल होतात. फ्रॉगच्या लहान, हलक्या चाकांना ही रचना कशीबशी पेलत होती. चाकाचा व्यास दीडपट झाला की जमिनीवर तेवढाच जोर लावायला दांडीला दीडपट पीळ सोसावा लागतो, शिवाय जड चाक थांबवताना आणि फिरवताना बसणारे हिसके वेगळे. परिणाम ठरलेला : ट्रक उडी मारून खाली येतो, चाके जमिनीला लागतात त्या क्षणी थ्रॉटल चालूच असतो, मागून कट्-कट् असा आवाज येतो आणि मोटार जोरात फिरत असूनही ट्रक जागचा हलत नाही. गिअरचे दाते गेले असावेत अशी पहिली समजूत होते. पण गाडी उलटी करून एक चाक धरून दुसरे हाताने फिरवले, की गोळा वाटीत सरकताना दिसतो.

येथे दोष धातूचा नव्हता, भूमितीचा होता. तरीही पहिली वर्षे लोक नवनव्या दांड्या बसवत राहिले, कारण दुकानात त्याच मिळत. पुढे एमआयपी या अमेरिकन कंपनीने या पेटीत बसणारे बॉल डिफरन्शियल व सुधारित दांड्या काढल्या आणि शर्यतीत उतरणाऱ्यांनी त्या उचलल्या. मूळ कारखान्यातली दुरुस्ती फार उशिरा आली. २०१५ मध्ये मॉन्स्टर बीटल आणि २०१६ मध्ये ब्लॅकफूट पुन्हा बाजारात आले, तेव्हा षट्कोनी टोकांऐवजी आडवी पिन असलेल्या, खाचेत बसणाऱ्या दांड्या त्यांत होत्या. ही पिन तिरक्या कोनातही खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून राहते, निसटत नाही. कुठलाही नवा शोध त्यासाठी लागला नाही; अशा दांड्या इतर गाड्यांत पहिल्यापासून होत्या.

क्लॉड बस्टरचे सुकाणू : शेव्हरोले पिकअपची बॉडी, चारही चाकांना गती, चारही चाके वळणारी आणि ५४० मापाच्या दोन मोटारी. प्रत्येक अॅक्सलवर एक स्वतंत्र मोटार व गिअरपेटी, त्यामुळे पुढून मागे जाणारी मधली दांडीच नाही, आणि जी दांडी नाही ती मोडतही नाही. कल्पना सुंदर आहे. घोळ झाला तो सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमाने चाके वळवणारी छोटी मोटार, कुठे बसवावा यात. एकच सर्व्हो चासीत मधोमध ठेवून लांब सळ्यांनी पुढची व मागची चाके वळवायची, अशी योजना होती. चासी जागेवर असते; अॅक्सल मात्र प्रत्येक दगडाबरोबर वर-खाली होतो. त्या हालचालीत सळी ओढली किंवा ढकलली जाते आणि चालकाने स्टिअरिंगला हात न लावताही चाके आपोआप थोडी वळतात. इंग्रजीत याला बम्प स्टिअर म्हणतात. सरळ सोडलेला ट्रक नागमोडी जातो आणि चालवणाऱ्याला वाटते की आपलाच हात बसलेला नाही.

त्यात सर्व्होची ताकद. त्या काळचा साधा सर्व्हो सुमारे ३ किलोग्रॅम-सेंमी जोराचा. चार मोठी टायर उभ्या जागी वळवायला तो अपुरा पडे, आणि जो काही जोर होता तोही सर्व्हो-सेव्हरच्या स्प्रिंगमध्ये व प्लास्टिकच्या सळ्यांच्या लवण्यात जिरून जाई. सर्व्हो-सेव्हर हा मुळात रक्षक भाग आहे : चाकाला बसलेला दणका सर्व्होच्या दात्यांपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये स्प्रिंग. ती सैल असेल तर ट्रक वळत नाही, कडक असेल तर सर्व्होचे दाते जातात. दोन्हींच्या मधली जागा सापडते, पण ती टायर व माती बदलली की बदलते.

यावर छांदिष्टांनी काढलेला तोडगा आज सर्वमान्य आहे. चासीतला सर्व्हो काढून प्रत्येक अॅक्सलवर एक स्वतंत्र, दमदार सर्व्हो बसवायचा. सर्व्हो व चाक एकत्रच वर-खाली होतात, सळी आखूड राहते आणि बम्प स्टिअर जवळजवळ नाहीसा होतो. या एका बदलाभोवती नव्या चासी, कडे आणि दुव्यांची बाजारपेठच उभी राहिली. ‘क्लॉडझिला’ ही त्यांतली गाजलेली चासी. अमेरिकेतल्या मॉन्स्टर ट्रकांच्या छोट्या शर्यतींत क्लॉडचे अॅक्सल वर्षानुवर्षे टिकून राहिले, बाकीचा ट्रक मात्र त्यांच्याभोवती पार बदलून गेला.

लंच बॉक्स : १९८७ चाच, व्हॅनच्या बॉडीचा ट्रक, मिडनाइट पंपकिन हा त्याचाच सांगाडा वापरणारा जुळा भाऊ. मोटार, गिअरपेटी आणि मागचा अॅक्सल हा एकच जड गोळा स्प्रिंगांवर हलतो. शॉकअपमध्ये तेल नाही, केवळ स्प्रिंग आणि घर्षण. त्यामुळे एकदा उसळलेला ट्रक चेंडूसारखा उसळतच राहतो. आखूड बांधा आणि उंच बॉडी यांमुळे थ्रॉटल दाबताच पुढची चाके हवेत जातात. पेटी आणि चासी यांच्यामध्ये पाचवा शॉकअप बसवण्याची युक्ती त्याच्या मालकांत रूढ आहे. आता खरे सांगायचे तर पुष्कळ लोक हा ट्रक याच वेडेपणासाठी घेतात. त्यांच्या लेखी दोन पायांवर उभे राहणे हा दोष नव्हे, आणि त्या बाबतीत कोशकाराने हट्ट धरू नये.

वीजमार्ग : जुन्या ट्रकांत वेग कमी-जास्त करण्यासाठी यांत्रिक नियंत्रक असे. एक सर्व्हो तांब्याचा सरकता तुकडा पट्ट्यांवरून फिरवी आणि अर्ध्या वेगात जास्तीची वीज सिरॅमिकच्या रोधकात जाळली जाई. रोधक चटका बसेल इतका तापे. जवळून गेलेल्या वायरीचे प्लास्टिक वितळे. पट्ट्यांवर काजळी धरली की संपर्क तुटक होई. क्लॉड बस्टरमध्ये तर दोन मोटारींचा प्रवाह या एकाच नियंत्रकातून जात असे.

यापेक्षा घातक दोष बेफाम पळण्याचा. रिसीव्हरची बॅटरी उतरली किंवा त्याची वायर सुटली की सर्व्हो ज्या स्थितीत असेल तिथेच थांबतो. थ्रॉटल पूर्ण दाबलेला असताना असे झाले तर संपर्क जोडलेलाच राहतो आणि ट्रक भिंत, नाला किंवा माणूस आडवा येईपर्यंत जातो. २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या जुन्या रेडिओंत दुसऱ्याच्या संचाचा व्यत्यय येऊनही असे घडे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, संदेश तुटला की मोटार बंद करणारी फेलसेफ सोय आणि २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यावर हा प्रकार बराच कमी झाला. इंधनावर चालणाऱ्या नायट्रो ट्रकांत धोका अजून आहे, कारण रेडिओ मेला तरी इंजिन चालूच राहते. म्हणून कार्ब्युरेटरला थ्रॉटल बंद करणारी परतीची स्प्रिंग लावणे शहाणपणाचे.

‘तामिया प्लग’ नावाने ओळखला जाणारा पांढरा जोड निकेल-कॅडमियम बॅटरी व साध्या ५४० मोटारीच्या काळाला पुरेसा होता. त्याच्या आतल्या पत्र्याच्या नळ्या जास्त प्रवाहात तापतात, सैल पडतात, सैल पडल्याने आणखी तापतात आणि शेवटी जोड वितळून दोन्ही बाजू चिकटतात. लिथियम-पॉलिमर बॅटरी आल्यावर ही घटना नेहमीची झाली. या बॅटरीच्या दोन सेलांचा पूर्ण भरलेला दाब ८.४ व्होल्ट, म्हणजे जुन्या ७.२ व्होल्टच्या बॅटरीच्या फार पुढे नाही. फरक ती एका दमात किती प्रवाह सोडू शकते यात आहे. सेलचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा खराब होतो, फुगतो. जुन्या नियंत्रकांत दाब उतरल्यावर तोडण्याची सोय नसल्याने जुन्या ट्रकात नवी बॅटरी घालणे हा स्वतःच एक बिघाड ठरतो.

दाते, आटे आणि स्क्रू : घरच्या घरी घडणारे बहुतेक बिघाड इथले. मोटारीवरचा पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांच्यात अंतर जास्त राहिले तर दाते एकमेकांवरून उड्या मारून सोलले जातात. अंतर कमी राहिले तर मोटार तापते आणि किरकिर करते. कागदाची पट्टी दोन्ही गिअरांमध्ये घालून मोटार दाबून घट्ट करायची, मग गिअर फिरवून पट्टी काढायची. पट्टी फाटता कामा नये आणि तिच्यावर दात्यांच्या ठळक चुण्या पडायला हव्यात. दुसरी फसवणूक दात्यांच्या मापाची. तामियाचे पुष्कळ गिअर ०.६ मॉड्यूलचे, तर ४८ पिचचे गिअर सुमारे ०.५३ मॉड्यूलचे असतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, बसतातही; आणि पहिल्याच जोरात स्परचा भुगा होतो.

तामियाचे स्क्रू जपानी मानकाच्या खाचेचे असतात. त्यांत साधा फिलिप्स पेचकस घातला की तो वर सरकतो आणि डोके घासून गोल करतो. धातूतून धातूत जाणारे स्क्रू कंपनाने सुटतात, म्हणून निळे थ्रेडलॉक लावतात. तेच उत्साहाने प्लास्टिकवर लावले तर एबीएस व पॉलिकार्बोनेटला तडे जातात. प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडत जाणारा स्क्रू वारंवार काढला-घातला की आटे जातात. आधी तो उलटा फिरवून जुन्या आट्यांत ‘टक्’ करून बसू द्यावा आणि मगच आवळावा, ही सवय कुठल्याही महागड्या भागापेक्षा जास्त वाचवते. किटमधले प्लास्टिकचे बुश धुळीत लवकर झिजतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घालणे हा बहुतेकांचा पहिला खर्च असतो आणि योग्यही असतो. आजच्या ट्रकांवर ‘जलरोधक’ लिहिलेले असते ते विजेच्या भागांपुरते. ओढ्यातून काढलेल्या ट्रकाची बेअरिंगे गंजतात.

मजबुतीची साखळी : एक भाग भक्कम केला की ताण पुढच्या भागावर जातो. मोटार बदलली की दांडी जाते, पोलादी दांडी घातली की डिफरन्शियल, तेही मजबूत केले की गिअरपेटीचे कवच फुटते. चाके धरणारे अॅल्युमिनियमचे आर्म दिसतात देखणे. पण दणक्यात ते वाकतात आणि वाकलेलेच राहतात, किंवा न वाकता सारा दणका चासीला देतात. आरपीएम या अमेरिकन कंपनीने नेमकी उलट वाट धरली आणि लवून पूर्ववत होणारे नायलॉनचे आर्म विकले. नायलॉन कोरडे पडले की ठिसूळ होते, म्हणून नवे भाग उकळत्या पाण्यात ठेवून त्यांत ओल मुरवण्याची पद्धतही या छंदात आहे. थंड, कोरड्या हवेच्या देशांत ती विशेष उपयोगी पडते.

अलीकडचे ट्रक : टेक्सासच्या ट्रॅक्ससने २००८ मध्ये स्लॅश हा शॉर्ट-कोर्स शर्यतींच्या धर्तीचा ट्रक आणला आणि तो प्रचंड खपला. त्याची रुंद, चाके झाकणारी बॉडी उडीत खालून हवा धरते, नाक वर उचलते आणि ट्रक पाठीवर पडतो. मालक बॉडीला मागून गोल भोके पाडतात. ट्रक सुधारतो, रंगकाम जाते. उंच गुरुत्वमध्यामुळे वळणावर लोळण्याची तक्रारही होती. त्यावर कंपनीने पुढे बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्स खाली बसवणारी बुटकी चासी काढली. म्हणजे षट्कोनी दांडीच्या वेळी ज्याला तीन दशके लागली, ते इथे काही वर्षांत झाले. क्लॉड बस्टरच्या नंतरच्या आवृत्त्यांत मात्र सर्व्हो अजून चासीतच आहे, आणि तो अॅक्सलवर नेण्याचे काम विकत घेणाऱ्याकडे सोडलेले आहे.