‘सिनॅप्स’ ही संज्ञा आणि सांध्याच्या बळाचा प्रश्न

मायकेल फॉस्टर यांच्या शरीरक्रियाविज्ञानावरील पाठ्यग्रंथाचा चेतासंस्थेविषयीचा भाग १८९७ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्या साहाय्याने सिद्ध झाला. दोन चेतापेशी जेथे परस्परांना भिडतात त्या स्थानास नाव हवे होते. शेरिंग्टन यांनी ‘सिन्डेस्म’ सुचविले होते. परंतु फॉस्टर यांनी युरिपिडीसचे अभ्यासक व्हेरॉल यांचा सल्ला घेतला आणि ‘सिनॅप्स’ ही संज्ञा रूढ झाली. तिचे विशेषण सुलभतेने साधते, हेही तिच्या पथ्यावर पडले.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकमेकांस धरणे असा आहे. धरले आहे एवढे तो सांगतो. किती घट्ट, हे सांगत नाही. सरावाने पेशींमधील संबंध दृढ होतात, हा विचार काखाल यांनी १८९४ च्या लंडनमधील व्याख्यानात मांडला होता खरा. तथापि १९४३ साली मॅक्कलक व पिट्स यांनी चेताजालाचे गणित मांडले तेव्हा प्रत्येक उत्तेजक सांधा सारखाच मोजला. एक पेशी दुसरीस उद्दीपित करण्यात वारंवार सहभागी झाली तर तिचा प्रभाव वाढतो, असे स्पष्ट गृहीतक डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये केले. प्रत्यक्ष पुराव्यास आणखी चोवीस वर्षे लागली: १९७३ मध्ये ब्लिस व लोमो यांनी सशाच्या मेंदूत, वारंवार उद्दीपनानंतर सांध्यांचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहतो, असे दाखविले.

यापुढील प्रश्न अधिक मार्मिक होय. सांध्यांचे बळ ठरले की जालात काय घडते? १९८२ साली हॉपफील्ड यांनी दाखविले की, दोन पेशींमधील बळ उभयदिशांनी समान असल्यास जाल अखेर एखाद्या स्थिर आकृतिबंधात विसावते. उताराचे पाणी खोलगटात यावे तसे. अपुरी खूण दिली तरी साठविलेला पूर्ण बंध परत मिळतो. मात्र हजार पेशींत असे सुमारे दीडशेच बंध मावतात. त्यापुढे आठवणींत घोटाळा माजतो. सोम्पोलिन्स्की, क्रिसान्ती व सोमर्स यांनी १९८८ मध्ये ही समानता सोडून यादृच्छिक बळे घेतली. एका मर्यादेखाली त्यांचे जाल शांत होते. बळे तेवढी वाढविताच ते कधीही न विसावणाऱ्या, अराजक हालचालीत शिरते. पेशी त्याच, जोडण्या त्याच!

त्याआधी दोनच वर्षे केंब्रिजच्या संशोधकांनी एका सूत्रकृमीच्या सर्व ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. कोण कोणास भिडते, हे त्यात आहे. किती बळाने, किंवा तो सांधा उत्तेजक की निरोधक, हे त्यात नाही. व्हेरॉल यांच्या शब्दाइतकेच तो नकाशा सांगतो.