रविवारची सुटी आणि सायंकाळचा वर्ग

सोलापूरहून धाराशिवकडे निघाले की वाटेत तुळजापूर लागते. भवानीमातेचे हे क्षेत्र साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल ऐंशीच्या दशकापासून याच गावी आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असावे. औद्योगिक संबंधांचा पदव्युत्तर अभ्यास आपल्या देशात रुजवणाऱ्या संस्थांत या संस्थेचे स्थान अग्रभागी आहे. म्हणून त्या अभ्यासाची कुळकथा येथूनच सांगावी, असे आम्हांस वाटले.

कथेचा आरंभ मात्र गिरणगावात होतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवार प्रभूचा दिवस म्हणून पाळतो. लोखंडे यांनी तो खंडोबाचा वार म्हणून मागितला होता. (अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला जाणाऱ्या धाराशिवकरांस हे ऐकून संतोष वाटेल.) पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे विश्वपत्र निघाले. न्याय्य वेतन आणि विसावा हे मजुराचे हक्क आहेत, धन्याची मेहेरबानी नव्हे, असे त्यात प्रतिपादिले होते.

हक्क मान्य झाले, तरी ते राबवणार कोण? त्यासाठी शिकलेली माणसे हवी होती. १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या संचालकत्वाखाली मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. तीच आजची टाटा संस्था. १९४७ मध्ये मुंबई सरकारने कामगार शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. आज ती लोखंडे यांचे नाव धारण करते. १९४९ साली येशूसंघीय फादर क्विन एनराइट यांनी जमशेदपूरला ‘झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. दरम्यान १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते.

या एका कलमामुळे नोकरदारांसाठी नवी वाट उघडली. कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका पदरी पाडण्यासाठी कारकून, टाइमकीपर, पर्यवेक्षक दिवसाचे काम आटोपून सायंकाळच्या वर्गाला बसू लागले. आपल्या धर्मग्रामांतही असे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. डबा संपलेला, डोळ्यांवर झोप, आणि मांडीवर औद्योगिक विवाद अधिनियम! बढतीची आशा त्यामागे असे; त्यात गैर काही नाही.

परंतु हे सारे शास्त्र कारखान्याच्या फाटकाच्या आत घडले. धाराशिव जिल्ह्याचा मोठा श्रमिकवर्ग फाटकाबाहेरचा आहे. दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम भागांतील ऊसतोड कुटुंबे टोळ्यांनी साखरपट्ट्यात निघतात. ज्या कारखान्यासाठी ती ऊस तोडतात, त्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे नसतात. करार मुकादमाशी, उचलही त्याच्याकडूनच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोघांच्या श्रमाचा हिशेब एकच, आणि तो मुकादमाच्या वहीत.