पाण्याचा न्याय : व्हॅलेन्सियाचा वारसा

पाणी ही अल्लाहची देणगी आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व माणसे भागीदार आहेत, अशी हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण आहे. ते स्वतः लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करीत. मदिनेतील रूमा विहिरीचे पाणी लोकांना विकत घ्यावे लागे, हजरत उस्मान (र.) यांनी ती विहीरच विकत घेऊन सर्वांना खुली केली. ख्रिस्ती धर्मातही बाप्तिस्मा पाण्यानेच होतो. तहानलेल्याला दिलेले पेलाभर थंड पाणीसुद्धा वाया जात नाही, असे हजरत ईसा (अ.) यांनी शिष्यांना सांगितल्याचे बायबलमध्ये आहे.

या दोन्ही धर्मांच्या लोकांनी एकच पाणी कसे सांभाळले, हे पाहायचे असेल तर स्पेनमधील व्हॅलेन्सियाचा इतिहास वाचावा. तेथे मुस्लिम अमलात तुरिया नदीवर पाटांचे मोठे जाळे उभे राहिले आणि पाणीवाटपाचे नियम रूढ झाले. 1238 साली अरागॉनचा ख्रिस्ती राजा पहिला जेम्स याने हे शहर जिंकले. मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहिले. हजारो मुसलमान घरदार सोडून गेले. परंतु पाण्याचे वाटप मात्र मुसलमानांच्या काळच्या रिवाजाप्रमाणेच चालावे, असे राजाने ठरवून दिले. जुना रिवाज मोडला असता तर शिवारच सुकले असते! पुढे 1609 मध्ये मुस्लिम वंशाच्या मोरिस्को लोकांनाही तेथून हाकलण्यात आले. माणसे गेली, त्यांचे पाट राहिले. पाटाला स्पॅनिश भाषेत आजही 'असेकिया' म्हणतात. तो अरबी 'अस्-साकिया' हाच शब्द होय.

त्याच कॅथीड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता 'जल-न्यायालय' भरते. शेतकऱ्यांनीच निवडलेले आठ प्रतिनिधी न्यायासनावर बसतात. सुनावणी तोंडी होते, वकील लागत नाही. वाट्याहून अधिक पाणी घेणाऱ्याला, पाट साफ न ठेवणाऱ्याला दंड होतो. निकालावर अपील नाही. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला.

विद्यार्थी मित्रहो, राज्ये येतात आणि जातात. न्यायाने वाटलेले पाणी शतकानुशतके वाहत राहते. वुजू करताना नळ उगाच वाहू न देणे, ही त्या न्यायाची पहिली पायरी आहे. ती आपल्या घरापासूनच चढू या.