गडी

'गडी' हा शब्द मोठा गमतीचा. बरोबरीच्यालाही तोच आणि हाताखालच्यालाही तोच. विटीदांडूला पोरं जमली की दोघं म्होरके आळीपाळीनं गडी मागून घ्यायचे. तिथं गडी म्हणजे जोडीदार. सवंगडी त्याच गोतातला. त्याच दिवशी ओसरीवर पाहुणा विचारायचा, "औंदा गडी किती ठेवलेत?" इथं गडी म्हणजे नोकर.

वर्षाच्या बोलीवर राहतो तो सालगडी. मराठवाड्यात आणि विदर्भात त्याचं साल पाडव्याला सुरू होतं. खानदेशात त्याला सालदार म्हणतात आणि त्याचं साल आखाजीला बदलतं. बोली ठरायची ती धान्य, रोकड, कपडा, वहाणा अशी. आजारपण, लग्नकार्य निघालं की मालकाकडून उचल घ्यायची. काम चुकलं की खाडा मांडला जायचा. साल संपताना हिशेबाला बसलं की अंगावर बाकी निघायची, आणि मग पुढचं सालही त्याच दावणीला. कर्जापायी माणूस बांधून ठेवणं 1976च्या कायद्यानं बंद केलं. पण गावात कायद्याआधी वही उघडली जायची.

बाईमाणूस कामाला आलं तर तिला 'बाई'च म्हणत. "दोन गडी, चार बाया" अशी मोजणी, आणि मजुरीही वेगळी. एखादी बाई "गड्यावाणी राबती" असं कौतुक व्हायचं, पण हातावर पडायची बाईचीच मजुरी.

मुंबईला गेल्यावर शब्द घरात शिरला. तिथं भांडी घासणारा, बाजार आणणारा तो घरगडी. कोकणातून गेलेल्या कित्येकांना सरसकट 'रामा' म्हणायची रीत होती, मग खरं नाव काही असो.

आमच्याकडं असाच एक गडी बरीच वर्षं होता. आम्ही पोरं त्याला तात्या म्हणायचो, पण गावात तो आमच्या घराचा गडी, एवढीच त्याची ओळख. बहात्तरच्या दुष्काळात तो आमचं साल सोडून सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला आणि परत आला नाही. पुढं जूनमध्ये त्यानं थोरल्याला शाळेत घातलं. मी तिथंच होतो. गुरुजींनी बापाचा धंदा विचारला आणि आपणच म्हणाले, "गडी लिहितो."

"गडी नगा लिवू," तात्या म्हणाला. "मजूर लिवा."

"फरक काय रे?"

"गडी कुणाचा तरी असतो, गुरुजी. मजूर कुणाचा नसतो."

1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. सडकेवरची मजुरी काही फार नव्हती. पण हजेरीपटावर माणसाचं स्वतःचं नाव असायचं.

आता पाडव्याला शेतकरी "माणूस बघतोय कामाला" म्हणतो. तोंडावर कुणी कुणाला गडी म्हणत नाही. शब्द मात्र भलताच तेजीत आहे. कबड्डीत बाजूला सात गडी असतात. क्रिकेटच्या बातमीत संघ 7 गडी राखून जिंकतो, आणि त्या गड्यांच्या मिळकतीचे आकडे ऐकून डोळे फिरतात. तरणी पोरं कुणाचीही तारीफ करताना "गडी लय भारी" म्हणतात. खेळातला गडी शब्दासकट वर गेला. शेतातला गडी वर आला तो, ज्यांना जमलं त्यांनी, शब्द खाली टाकून.