पहिला अंक : वेताळ, सुपरमॅन आणि आपला नायक

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवीतल्या एका मुलाने मला आपली शंभर पानी वही दाखवली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'सुपरहिरो कॉमिक्स, अंक पहिला'. आत निळ्या कोटातले बाबासाहेब आकाशातून उडत येतात आणि एका बुक्कीत जातीच्या राक्षसाला लोळवतात. चित्रे खरोखर चांगली होती. मी शाबासकी दिली. पण घरी येताना प्रश्न पडला : राक्षस एका बुक्कीत मेला, तर वस्तीतल्या माणसांनी करायचे काय? त्यांनी नुसते वर बघून टाळ्याच वाजवायच्या का?

मित्रांनो, हा प्रश्न समजून घ्यायचा तर कॉमिक्सचा इतिहास जरा उलगडावा लागेल.

सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात. त्याला घडवले जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांनी. त्याच काळात हिटलरने जर्मनीतल्या ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले होते. मार्च १९४१ च्या 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो. अमेरिका युद्धात उतरली ती त्यानंतर, डिसेंबरमध्ये. ते रचणारे जो सायमन आणि जॅक किर्बी हेही ज्यूच. ज्यांना दुबळे म्हणून हिणवले गेले, त्यांनी आपल्या हाताने आपला बलवान नायक काढला. मात्र छापखाना त्यांचा नव्हता. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढची कमाई कंपनीने केली.

आता आपल्याकडे या. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक काढला. नायक होता ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत निर्माण केलेला फँटम. मराठीत तो महाबली वेताळ झाला. आपल्या वडिलांच्या पिढीने हे अंक भाड्याने आणून, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावून वाचले. मीही ते जुन्या गठ्ठ्यातून काढून वाचले आणि मलाही ते आवडले, हे कबूल करतो.

पण वेताळाची गोष्ट आज पुन्हा वाचा. जंगलात राहणारा गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो. बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो. अशा एकवीस पिढ्या झाल्या. जंगलातले बांडर लोक शूर आहेत, इमानी आहेत, त्याचे गुपित जिवापाड जपतात. पण त्यांचा पोरगा कितीही कर्तबगार निघाला तरी वेताळ होऊ शकत नाही, कारण वेताळपण जन्माने मिळते. ही व्यवस्था आपल्या ओळखीची नाही का? समाजशास्त्राच्या वर्गात जातीची व्याख्या शिकताना मला हीच गुहा आठवली होती.

१९६७ मध्ये अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' सुरू झाली. देव, ऋषी, राजे यांची रांग लागली. बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ उजाडले. म्हणजे आपल्या हाती तयार नायक आले ते एक तर गोऱ्याच्या गुहेतून, नाही तर पुराणातून.

मग आपल्याकडे पहिला अंक नव्हता? होता. ३१ जानेवारी १९२० चा 'मूकनायक'. त्याच्या नावातच आपल्या नायकाची व्याख्या आहे. ज्याला बोलू दिले नाही, तोच इथे नायक आहे. उडता येणे ही त्याची ताकद नाही. बोलायला लागणे हीच त्याची ताकद आहे.

आता आपल्याच शहराजवळचा एक प्रसंग घ्या. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी पाणी बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत सशस्त्र शिपाई दिला, यांनी आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, गोलमेज परिषद गाजवलेल्या माणसावर पाण्यासाठी पहारा!

कॉमिक्समधला नायक इथे काय करील? शिपायाला उचलून तटावरून फेकील आणि गोष्ट संपेल. बाबासाहेबांनी तो अपमान लिहून ठेवला. पुढच्या वर्षी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. आणि १९५० साली त्याच किल्ल्यापासून काही मैलांवर, औरंगाबादेत, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे केले, तेच आजचे मिलिंद. याच शहरातून पुढे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि दलित साहित्याला हक्काचे पान मिळाले. हौदावर अडवलेल्या माणसाने एका बुक्कीऐवजी हजारो लिहिते हात तयार केले.

स्वतः बाबासाहेबांनाही विभूतिपूजा मान्य नव्हती. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी थोर पुरुष कोणाला म्हणावे याची कसोटी मांडली. समाजाला फटकारणारा आणि त्याची घाण उपसणारा तो थोर, असा त्याचा आशय. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावले की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्यांनाच आपण टोपणनाव आणि झगा देऊन उडवायला लागलो, तर आपण त्यांना मखरातच बसवतो. फक्त मखर नवे.

याचा अर्थ कॉमिक्स नको असा नाही. १९५७ साली अमेरिकेत मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांचे कॉमिक निघाले. त्यात मार्टिन ल्यूथर किंग आहेत, पण सत्याग्रह कसा करावा हेही शिकवले आहे. २०११ साली आपल्याकडे 'भीमायन' आले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे आयुष्य चौकटींत कोंबायला नकार दिला. चांगल्या माणसाचे बोलणे त्यांनी पक्ष्याच्या आकारात काढले, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी दिली. तिथे कोणी उडत नाही. तिथे माणूस पाण्यासाठी, निवाऱ्यासाठी, प्रवासासाठी झगडतो.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी दौलताबादची गोष्ट सांगितली. म्हटले, "दुसरा अंक हौदाचा काढ. पण बाबासाहेबांबरोबरची माणसंही काढ." तो म्हणाला, "सर, तीस जणांचे चेहरे काढायला लई वेळ लागेल."

लागू दे. चळवळीलाही तेवढाच लागतो. कार्यकर्त्यांनो, आपापल्या अभ्यासिकेत वह्या आणि रंग ठेवा, आणि पोरांना एवढेच विचारा : तुझ्या चित्रात तू कुठे आहेस?

जय भीम!