नेतृत्वाची पूर्वकारकीर्द, महाराष्ट्रातील

राज्यपातळीवर पोहोचण्याआधी एखाद्या नेत्याने कोणकोणती कामे केली, कोणत्या पदांवरून तो वर आला, याचा क्रम म्हणजे त्याची पूर्वकारकीर्द. महाराष्ट्रातील नेत्यांविषयी लिहिताना जात, घराणे आणि शिक्षण यांची नोंद आवर्जून होते. त्या माणसाने पहिली संस्था कोणती चालवली, हे मात्र एखाद्या ओळीत उरकले जाते. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन असे की, नेत्याची कामाची रीत, त्याचे बळ आणि त्याच्या नजरेच्या मर्यादा यांचा सर्वांत चांगला उलगडा त्या पहिल्या संस्थेतूनच होतो. दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्यांच्या नोकऱ्या आणि दर काही वर्षांनी येणारी निवडणूक, या तिन्हींचा भार माणसावर प्रथम जेथे पडतो, तेथेच त्याचे राजकारण घडते.

राज्यस्थापनेच्या पिढीत वकिलांचा भरणा मोठा होता. यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक आणि शंकरराव चव्हाण हे तिघेही मुख्यमंत्री कायद्याचे पदवीधर. पण त्यातल्या दोघांच्या आयुष्यात वकिली आणि मंत्रिपद यांच्यामध्ये एक पायरी होती: नाईक पुसदचे, तर शंकरराव नांदेडचे नगराध्यक्ष होते. पुढे नाईक यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवून शाळा, दवाखाने आणि रस्ते निवडून आलेल्यांच्या हाती देण्याचा तो निर्णय दूरगामी ठरला. फाईल कशी वाचावी, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याशी कुठे जुळवून घ्यावे आणि कुठे अडून बसावे, याचे शिक्षण तालुक्यातल्या माणसाला त्याच्याच जिल्ह्यात मिळू लागले. विलासराव देशमुख १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतून १९८० मध्ये विधानसभेत आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्रिपदावर पोहोचले. आर. आर. पाटील यांनीही विधानसभेआधी दहाएक वर्षे सांगली जिल्हा परिषदेत काढली. ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान उभे केले, तेव्हा गावाला स्पर्धेत कसे उतरवायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

याहून कठोर शाळा साखर कारखान्याची. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष आणि जेमतेम प्राथमिक शिकलेले विठ्ठलराव विखे पाटील त्यामागची चालक शक्ती. विद्वत्ता आणि गावची पत यांची अशी जोड नंतर क्वचितच जमली. चेअरमन होणाऱ्या माणसाला शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करावे लागे, शासनाकडून हमी मिळवावी लागे, जिल्हा बँकेशी मालतारण कर्जाचे ठरवावे लागे आणि हंगामाआधी मुकादमांमार्फत ऊसतोड टोळ्या बांधाव्या लागत. त्यात सर्वांत नाजूक बाब तोडीच्या क्रमाची. ऊस वेळेवर तुटला नाही की वजन घटते, साखरेचा उतारा पडतो, पुढचे पीक लांबते. म्हणून कोणाच्या फडात टोळी आधी उतरते, यावर सभासदाचे वर्ष ठरते आणि चेअरमनचे मतही. शिक्षण अर्धवट राहिलेले वसंतदादा पाटील सांगलीचा कारखाना उभारून मुख्यमंत्री झाले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. छोटे राज्य चालवण्याचा सराव त्यांनी आधीच केला होता. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८३ मध्ये, विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाट मोकळी झाली. कारखान्याभोवती शाळा, दवाखाना, बँक उभी करणाऱ्या माणसाला पुढची संस्था महाविद्यालय वाटावी, हे त्या घडणीला धरूनच होते. त्यातली फी गरिबाच्या मुलाला जड गेली, हेही तितकेच खरे.

यावर पहिला आक्षेप घराणेशाहीचा आहे. चेअरमनचा मुलगाच पुढचा चेअरमन होत असेल, तर संस्थेने घडवले म्हणण्यात अर्थ काय? आक्षेप वजनदार आहे. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून साखरेचे आणि सत्तेचे राजकारण कसे एकमेकांत गुंतलेले असते, हे १९८० च्या ग्रंथात दाखवले. त्यातील नेतृत्वावर जमीनदार मराठा कुटुंबांचा पगडा उघड होता. कारखान्यात सभासद होण्यासाठीच ऊस आणि पाणी लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो भूमिहीन या पायरीपर्यंत येतच नाही. मात्र वारसा चालतो तोही संस्थेच्या मार्गानेच. कारखाना बंद पडला किंवा विकला गेला की आडनाव शिल्लक राहते आणि तालुका हातचा जातो. आडनावापाशी थांबलेल्या स्पष्टीकरणातून हा फरक निसटतो.

दुसरा आक्षेप अपवादांचा. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाला होते, नंतर फौजदार झाले आणि १९७४ मध्ये करमाळ्यातून विधानसभेत गेले. पुण्याच्या १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुनर्वसनाच्या कामाने लोकांच्या ओळखीचे झालेले स. गो. बर्वे सनदी सेवेतून थेट मंत्रिमंडळात आले. शरद जोशी टपाल सेवेतली नोकरी सोडून शेती करू लागले आणि १९८० च्या कांदा आंदोलनाने शेतकऱ्यांचे पुढारी झाले. हे अपवाद मूळ प्रतिपादन मोडत नाहीत, उलट स्पष्ट करतात. शिंदे आणि बर्वे यांना वरच्या नेतृत्वाने हात देऊन आणले, त्यामुळे स्वतःचा कारखाना नसणे त्यांना अडले नाही. जोशींनी संस्था टाळून संघटना उभारली. तिच्या सभांना लाखोंची गर्दी झाली, पण मतपेटीत तितके बळ कधी दिसले नाही. शहरात ही पायरी महापालिकेची असते. मनोहर जोशी मुंबईचे, देवेंद्र फडणवीस नागपूरचे महापौर होते. एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक.

विदर्भाकडे पाहिले की हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. कापूस तेथे पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाइतकाच महत्त्वाचा. पण १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी योजना मुंबईतून चालली. भाव, खरेदी आणि चुकारे यांचे निर्णय वर होत राहिले, त्यामुळे प्रवरा किंवा सांगलीसारखी नेते घडवणारी जागा कापसाभोवती तयार झाली नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांनी पाणी उसाच्या बांधावरून पाहिले, हा जो दोष दिला जातो, त्याचे मूळही साखर कारखान्यातल्या घडणीत आहे.

स्त्रियांच्या बाबतीत पायऱ्यांमधले अंतर आकड्यांतच दिसते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, राज्याने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर मात्र स्त्रियांसाठी राखीव जागा दोनच.